मेलंजन : हरवलेले तुर्क की मोजणीत हरवलेली माणसं?

कोलंबसच्या आधी किंवा त्याच्या मागोमाग मुसलमान अमेरिकेत पोचले होते, अशा आशयाचे लेख आणि व्हिडिओ आपल्याकडे अधूनमधून फिरत असतात. त्यात एक नाव बऱ्याचदा भेटतं, मेलंजन. अमेरिकेच्या डोंगरात शेकडो वर्षं लपून राहिलेले हे तुर्क किंवा मूर आहेत, असं सांगितलं जातं. वाचणारा सुखावतो आणि मजकूर पुढे पाठवतो. या लोकांचं खरोखर काय झालं, हे मात्र फार थोडेजण शोधतात. मी ते वाचत गेलो तेव्हा मला तुर्कांपेक्षा वेगळी आणि जास्त महत्त्वाची गोष्ट सापडली. ती एका छोट्या डोंगरी वस्तीची आणि तिथल्या माणसांच्या मोजणीची गोष्ट आहे.

दोन डोंगरांच्या मधली वस्ती

अमेरिकेच्या टेनेसी राज्याचा ईशान्येकडचा कोपरा व्हर्जिनिया राज्याला भिडतो. तिथे हँकॉक नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय भाग, आकाराने मात्र तालुक्याएवढा. हा सगळा प्रदेश अ‍ॅपलेशियन पर्वतरांगेचा. इथले डोंगर सुटे सुटे नाहीत. नांगराच्या तासांसारखे ते एकाला एक समांतर, नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे गेलेले आहेत. एक लांबलचक धार, मग अरुंद खोरं, मग पुन्हा धार.

काउंटीचं मुख्य गाव स्नीडव्हिल. ते क्लिंच नदीच्या खोऱ्यात आहे. गावाच्या उत्तरेला न्यूमन्स रिज नावाची डोंगरधार भिंतीसारखी उभी आहे. ती ओलांडली की ब्लॅकवॉटर नावाच्या ओढ्याचं खोरं लागतं आणि त्या खोऱ्याच्या पलीकडे पॉवेल माउंटन. न्यूमन्स रिज आणि पॉवेल माउंटन यांच्या मधल्या या चिंचोळ्या पट्टीत वार्डी ही वस्ती आहे. वार्डी कॉलिन्स नावाच्या सुरुवातीच्या वसाहतकारावरून तिला हे नाव पडलं.

अमेरिकी कायद्याच्या भाषेत वार्डी ही ‘अनइन्कॉर्पोरेटेड’ वस्ती आहे. म्हणजे तिला स्वतःची नगरपालिका नाही, महापौर नाही, कायद्याने आखलेली हद्द नाही. आपल्याकडची वाडी निदान कुठल्यातरी ग्रामपंचायतीत मोडते, तिला एखादा सदस्य तरी असतो. इथे तेही नाही. सगळा कारभार थेट काउंटीचा. अशा वस्तीच्या माणसांचा आकडा सहसा वेगळा छापला जात नाही, तो काउंटीच्या आकड्यात विरघळून जातो. वार्डी कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे तिथे राहणाऱ्यांनाच ठाऊक.

अशा जागी माणसं का येऊन राहिली, याचं उत्तर बरंचसं भूगोलातच आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला कॉलिन्स, गिब्सन, गोइन्स, बंच, मुलिन्स अशा आडनावांची कुटुंबं इथे आली. ती आकाशातून पडली नव्हती. जुने कागद पाहिले तर त्यांचा माग व्हर्जिनियाच्या किनाऱ्याजवळच्या प्रदेशातून उत्तर कॅरोलिनात आणि तिथून डोंगरात, असा लागतो. प्रत्येक पिढी थोडी पश्चिमेला सरकलेली दिसते. न्यूमन्स रिजवर आणि ब्लॅकवॉटरच्या काठी त्यांनी जमिनी घेतल्या, झाडं तोडून मका पेरला. ते इथले पहिल्या फळीतले शेतकरी होते.

डोंगराने त्यांना आडोसा दिला. महाला मुलिन्स या बाईची गोष्ट तिकडे अजून सांगतात. ती न्यूमन्स रिजच्या माथ्यावर लाकडी ओंडक्यांच्या घरात राहायची आणि सरकारचा कर चुकवून गाळलेली दारू विकायची. आजारामुळे तिचं शरीर प्रचंड वाढलेलं होतं. तिला पकडायला आलेल्या अधिकाऱ्यांना ती घरातच सापडायची, पण त्या वाटेने तिला खाली न्यायचं कसं, हे काही कोणाला सुचलं नाही. 1898 साली ती वारली. पण याच डोंगराने या लोकांना शाळेपासून, दवाखान्यापासून आणि बाजारापासून तोडलं. आडोसा आणि कोंडवाडा एकाच जागी होते.

एकच माणूस, तीन रकाने

‘मेलंजन’ हा शब्द लेखी स्वरूपात पहिल्यांदा आढळतो तो 1813 साली, व्हर्जिनियातल्या स्टोनी क्रीक नावाच्या बाप्टिस्ट चर्चच्या नोंदवहीत. एका बाईने मेलंजन लोकांना आसरा दिला, अशी ती तक्रार आहे. म्हणजे हा शब्द कागदावर आला तोच आरोप म्हणून. पुढे दीडशे वर्षं तो शिवीसारखाच वापरला गेला. कोणी स्वतःला मेलंजन म्हणवून घेत नसे. तो शब्द नेहमी शेजाऱ्यांच्या तोंडी असायचा.

सरकारच्या वहीत हा शब्द नव्हता. तिथे रकाने होते. अमेरिकेत 1790 पासून दर दहा वर्षांनी जनगणना होते. सुरुवातीला गोरे, गुलाम आणि ‘इतर मुक्त व्यक्ती’ अशी विभागणी होती. नंतर त्या ‘इतरां’चं नाव ‘मुक्त रंगीत व्यक्ती’ झालं. 1850 पासून प्रत्येक मुक्त माणसाचं नाव लिहिलं जाऊ लागलं आणि नावापुढे रंग आला: गोरा, काळा किंवा मुलॅटो, म्हणजे मिश्र. रंग कोण ठरवणार? दारात आलेला गणक. 1960 च्या जनगणनेपर्यंत साधारण हीच पद्धत होती. त्यामुळे एकच कुटुंब एका दशकात ‘मुक्त रंगीत’, दुसऱ्यात ‘मुलॅटो’ आणि तिसऱ्यात ‘गोरं’ झालेलं दिसतं. माणसं तीच, कातडी तीच. बदलला तो लिहिणारा.

हा नुसता कारकुनी घोळ असता तर त्यावर लिहायचं कारण नव्हतं. पण रकान्यावर हक्क टांगलेले होते. टेनेसीच्या 1796 च्या राज्यघटनेने मुक्त पुरुषांना मत देताना रंगाची अट घातली नव्हती. 1834 च्या नव्या घटनेने मत फक्त मुक्त गोऱ्या पुरुषांना ठेवलं. काल मत देणारा माणूस आज मत देईना. 1840 च्या दशकात वार्डी कॉलिन्स आणि इतर काहींवर बेकायदा मतदान केल्याचे खटले भरले गेले. ज्याच्या नावाने वस्ती ओळखली जाते, त्यालाच आपण ‘गोरे’ आहोत की नाही याचा निवाडा कोर्टात करून घ्यावा लागला. त्यातले काहीजण सुटले.

पोर्तुगीज, फिनिशियन, कार्थेजचे

अशा स्थितीत माणूस काय करतो? तो पूर्वज शोधतो. मेलंजन कुटुंबं कातडीच्या सावळेपणाचं कारण विचारलं की, आम्ही पोर्तुगीज आहोत, असं सांगत. यात एक व्यवहारी शहाणपण होतं. पोर्तुगीज माणूस सावळा असू शकतो आणि तरी तो युरोपीय असतो, म्हणून मत देऊ शकतो, गोऱ्याशी लग्न करू शकतो.

1870 च्या दशकात टेनेसीतल्याच चॅटनूगा शहरात वारसाहक्काचा एक खटला चालला. बापाची मालमत्ता मुलीला मिळू नये म्हणून नातेवाइकांचं म्हणणं असं होतं की तिची आई मेलंजन, म्हणजे काळ्या रक्ताची, म्हणून ते लग्नच बेकायदा. मुलीचे वकील लुईस शेपर्ड यांनी कोर्टाला सांगितलं की हे लोक प्राचीन कार्थेजच्या फिनिशियनांचे वंशज आहेत, पोर्तुगालमार्गे आलेले. मुलगी खटला जिंकली. दोन हजार वर्षांपूर्वी बुडालेलं एक शहर एका मुलीची मालमत्ता वाचवायला धावून आलं. या दाव्याला हसणं सोपं आहे. पण खरं सांगितलं असतं तर तिच्या हाती काय उरलं असतं, हेही विचारायला हवं.

1890 साली नॅशव्हिलच्या पत्रकार आणि कवयित्री विल अ‍ॅलन ड्रमगूल न्यूमन्स रिजवर आल्या. इथल्या लोकांच्या घरी राहिल्या, त्यांचं जेवल्या आणि परत जाऊन त्यांच्यावर लेख लिहिले. बॉस्टनच्या ‘द अरेना’ मासिकात 1891 मध्ये ते छापून आले. त्यांत या लोकांना आळशी आणि लबाड ठरवलं होतं. शिवाय त्यांनी मेलंजन वंशवृक्षाच्या चार फांद्या पाडल्या: कॉलिन्स आणि गिब्सन आदिवासी इंडियन, मुलिन्स इंग्रज, गोइन्स आफ्रिकी आणि डेनम पोर्तुगीज. पाहुणी म्हणून आलेल्या बाईने माणसांची वाटणी करून टाकली.

आडनावांची यादी

यापुढचा अध्याय जास्त भीतिदायक आहे. व्हर्जिनिया राज्याच्या जन्म-मृत्यू नोंदणी खात्याचा प्रमुख वॉल्टर प्लेकर 1912 ते 1946 पर्यंत त्या खुर्चीवर होता. 1924 साली व्हर्जिनियाने वांशिक शुद्धतेचा कायदा केला. त्यानुसार जवळपास प्रत्येक माणूस एक तर गोरा किंवा रंगीत, आणि त्यांच्यात लग्न गुन्हा. प्लेकरला मधले लोक नको होते. त्याने जन्मदाखल्यांवर स्वतःचे शेरे मारले, लोकांच्या नोंदी बदलल्या. 1943 मध्ये त्याने काउंटीनुसार आडनावांची यादीच काढली आणि नोंदणी कारकून, डॉक्टर, परिचारिका, शाळा यांना पाठवली. ही आडनावं दिसली की सावध राहा, हे लोक गोरे म्हणून घुसू पाहतात, असा तिचा मतलब. टेनेसीला लागून असलेल्या काउंट्यांसमोर कॉलिन्स, गिब्सन, गोइन्स, बंच, मुलिन्स ही न्यूमन्स रिजची आडनावं होती.

जन्मलेल्या बाळाचं आडनाव वाचून त्याची शाळा आणि त्याचं लग्न ठरवणारी ही यादी. मराठी मुसलमान वाचकाला ती समजायला फार कल्पनाशक्ती लागणार नाही. घर भाड्याने बघायला गेल्यावर आडनाव विचारलं जातं आणि मग जागा अचानक ‘कालच गेलेली’ असते, हा अनुभव आपल्यातल्या कितीजणांना आहे. पण आपल्याकडे ते बऱ्याचदा तोंडी आणि चोरून होतं. व्हर्जिनियात ते सरकारी पत्रकात, खात्याच्या प्रमुखाच्या सहीने होत होतं. मिश्र विवाहाला बंदी करणारे असे कायदे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1967 साली ‘लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया’ खटल्यात रद्द केले.

तुर्क कुठून आले?

आता तुर्कांकडे वळू. 1994 साली ब्रेंट केनेडी यांचं मेलंजनांवरचं पुस्तक आलं. स्वतःच्या आजाराचं मूळ शोधता शोधता ते आपल्या डोंगरी पूर्वजांपर्यंत पोचले होते. त्यांनी मांडलं की मेलंजनांचे पूर्वज पोर्तुगीज, मूर आणि तुर्क होते. आधार म्हणून त्यांनी 1586 सालची एक घटना घेतली. इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेकने दक्षिण अमेरिकेतलं स्पॅनिशांचं कार्ताहेना बंदर लुटलं आणि तिथल्या गलबतांवर वल्ही मारणाऱ्या मुस्लीम गुलामांसह शेकडो माणसं बरोबर घेतली. पुढे तो रोआनोक बेटावरच्या इंग्रज वसाहतीत गेला. तिथे जागा करण्यासाठी त्याने या गुलामांना किनाऱ्यावर सोडलं असेल, असा तर्क. त्यातले सुमारे शंभर तुर्क इंग्लंडला पोचले आणि त्यांना मायदेशी पाठवण्याची खटपट झाली, याची नोंद आहे. उरलेले डोंगरात गेले, याची नोंद नाही.

‘मेलंजन’ शब्दाचीही फोड केली गेली: तुर्कीतलं ‘मलऊन जान’, म्हणजे शापित जीव. मलऊन आणि जान हे दोन्ही शब्द आपल्या घरातले असल्याने ही व्युत्पत्ती कानाला लगेच पटते. बहुतेक अभ्यासक मात्र फ्रेंचमधल्या ‘मेलांज’, म्हणजे मिश्रण, या शब्दाकडे बोट दाखवतात.

केनेडींच्या पुस्तकाने एक चांगलं काम केलं, ते नाकारता येणार नाही. शिवी असलेला शब्द लोक अभिमानाने लावू लागले. तुर्कस्तानातही कुतूहल वाढलं. व्हर्जिनियातलं वाइज आणि तुर्कस्तानातलं चेश्मे ही भगिनी-शहरं झाली. आणि तिथूनच ही कथा उर्दू-हिंदी-मराठी समाजमाध्यमांपर्यंत वाहत आली.

कागद आणि रक्त काय सांगतात?

पॉल हाइनेग यांनी वसाहतकाळातली कोर्टाची दप्तरं, करपत्रकं आणि मृत्युपत्रं चाळून मुक्त आफ्रिकी अमेरिकी कुटुंबांच्या वंशावळी उभ्या केल्या. त्यातून दिसतं की यातल्या बऱ्याच घराण्यांची सुरुवात सतराव्या आणि अठराव्या शतकातल्या व्हर्जिनियात झाली. तिथे आफ्रिकेतून आणलेले पुरुष आणि करार करून राबायला आणलेल्या गोऱ्या मोलकरणी एकाच मालकाच्या शेतात, एकाच छपराखाली राहत. 1662 च्या व्हर्जिनियाच्या कायद्याने मूल आईच्या दर्जाचं ठरवलं. हा कायदा काळ्या बाईच्या पोटचं मूल गुलाम ठरावं म्हणून केला होता. पण त्याच कायद्यामुळे गोऱ्या आईचं, आफ्रिकी बापाचं मूल गुलाम झालं नाही. त्याला बरीच वर्षं वेठीला राबवलं जाई, पण शेवटी ते मुक्त. कायदा हळूहळू आवळत गेला तशी ही मुक्त कुटुंबं पश्चिमेला, डोंगराकडे सरकत गेली.

2012 मध्ये मेलंजन घराण्यांच्या डीएनए चाचण्यांचा अभ्यास चर्चेत आला. अभ्यासकांत खुद्द या कुटुंबांतले लोक होते. निष्कर्ष कागदांशी जुळला. बापाकडच्या धाग्यात मुख्यतः आफ्रिकी आणि युरोपीय मूळ, आईकडचा धागा युरोपीय. तुर्क वंशाच्या दाव्याला बळ मिळालं नाही. हे ऐकून पुष्कळ लोक नाराज झाले.

ही नाराजी मला समजते, पण ती तपासायला हवी. बादशहाच्या आरमारातून आलेला तुर्क पूर्वज चालतो, आणि बेड्या घालून आणलेला आफ्रिकी पूर्वज चालत नाही, हे काय आहे? आपण तर मलिक अंबरचं नाव छाती फुगवून घेतो. हबशी मुलखातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला, खडकी त्यानेच वसवली. मग अमेरिकेच्या गोष्टीत आफ्रिकी बाप आला की आपला उत्साह का मावळतो?

आणि अमेरिकेत जुने मुसलमान शोधायचेच असतील, तर ते तिथेच, गुलामांमध्ये सापडतात. पश्चिम आफ्रिकेतून नेलेले उमर इब्न सईद उत्तर कॅरोलिनात गुलाम होते. 1831 साली त्यांनी अरबीत आत्मचरित्र लिहिलं. ते हस्तलिखित आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. मेलंजनांचे आफ्रिकी पूर्वज मुस्लीम होते, असं मी म्हणत नाही. त्याला पुरावा नाही. पण जो पुरावा समोर आहे तो सोडून कल्पनेतल्या तुर्कामागे धावण्यात आपण उमर इब्न सईद यांच्यासारख्यांवरही अन्याय करतो.

आपली वंशावळ

दूरच्या पूर्वजाचा मोह आपल्यालाही सुटलेला नाही. 1901 च्या हिंदुस्थानच्या जनगणनेत रिस्ले साहेबाने जातींची उतरंड लावायला घेतली. त्या काळात एक म्हण प्रसिद्ध होती: गेल्या साली जुलाहा होतो, यंदा शेख झालो, धान्याला भाव आला तर पुढच्या साली सय्यद होईन. म्हणीत चेष्टा आहे, पण चॅटनूगाच्या त्या मुलीसारखीच मजबुरीही आहे. जिथे जन्मावरून पत ठरते, तिथे लोक जन्म बदलून लिहिणारच.

महाराष्ट्रातले मुलाणी, तांबोळी, आतार, बागवान, शिकलगार, पिंजारी ही आडनावं सांगतात की आपले बहुतेक पूर्वज इथल्याच मातीत राबणारे होते. देशमुख, पाटील, इनामदार ही आडनावंही इथल्याच गावगाड्याची. तरी घरोघरी अरबस्तान नाहीतर इराणपर्यंत नेणारी एखादी वंशावळ जपलेली असते. गंमत अशी की आपल्याला परके ठरवू पाहणाऱ्यांनाही नेमकी तीच वंशावळ हवी असते. ज्या दीनमध्ये अरबाला गैरअरबावर आणि गोऱ्याला काळ्यावर श्रेष्ठत्व नाही, असं शेवटच्या हजच्या खुत्ब्यात सांगितलं गेलं, त्यातल्या लोकांना इभ्रतीसाठी उधारीचे पूर्वज का लागावेत?

आज वार्डीत

प्रेस्बिटेरियन मिशनने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वार्डीत काम सुरू केलं. 1929 साली तिथे मोठी शाळा बांधली गेली. चेस्टर लेनर्ड हे पाद्री तिचे कर्ते होते. जिथे मेलंजन मुलांना दुसरीकडे हिणवलं जाई, तिथे खोऱ्यात त्यांना शिक्षण आणि औषध मिळू लागलं. मग शिकलेली मुलं उत्तरेकडच्या कारखान्यांच्या शहरांत गेली आणि बहुतेक परत आली नाहीत. 1900 साली हँकॉक काउंटीत 11 हजारांहून जास्त लोक होते. 2020 च्या जनगणनेत 6,662 उरले. जुन्या चर्चमध्ये आता छोटं संग्रहालय आहे, आणि महाला मुलिन्सचं घर डोंगरावरून उतरवून खोऱ्यात आणून ठेवलं आहे.

2000 सालापासून अमेरिकेच्या जनगणनेत माणूस स्वतः एकाहून जास्त वंशांवर खूण करू शकतो. ज्या सोयीसाठी वार्डीचे लोक दोनशे वर्षं थांबले, ती आली तेव्हा खोरं निम्मं रिकामं झालेलं होतं. तरी त्यांच्या नातवंडांनी एक काम केलं. जुनी दप्तरं उघडली, स्वतःची चाचणी करून घेतली आणि जे निघालं ते, गोड नसलं तरी, छापलं. मेलंजनांची गोष्ट पुढे पाठवायचीच असेल, तर ती इथपर्यंत पाठवावी.